कमी पडलेली सावली

१

दिवा लागला, आणि सावली आमच्या खिडकीपर्यंत पोचलीच नाही. तिच्या खालच्या भिंतीवर येऊन थांबली.

सभागृहात अख्खं गाव जमलं होतं. समोरच्या टेबलावर आमचं मॉडेल होतं. पुठ्ठ्याचे थर लावून केलेली टेकडी, तिच्यावर बिल्डरच्या सहामजली इमारतींचे लाकडी ठोकळे, खाली रस्ता आणि रस्त्याच्या अलीकडे आमची जुन्या घरांची ओळ. हिवाळ्यातला सूर्य जिथे असतो तिथे बरोबर दिवा बांधला होता. दिवा लागला की ठोकळ्यांची सावली आमच्या घरांवर चढणार, सुनावणी घेणारे साहेब ती डोळ्यांनी बघणार आणि इमारतींचे मजले छाटले जाणार. मजले छाटले की बिल्डरला ही योजना परवडत नव्हती, हे त्याच्याच माणसाने चहा पिताना कबूल केलं होतं. इतकं सोपं होतं सगळं.

नियम असा होता की नव्या इमारतीमुळे ज्याच्या राहत्या खोलीचं ऊन जाणार, त्यानेच हरकत घ्यायची. आमच्या ओळीत टेकडीकडच्या बाजूला बाकी सगळ्यांचे जिने आणि न्हाणीघरं आहेत. राहती खोली एकच, आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरची, माझ्या ताईची. तिचे पाय गेल्यापासून ती त्या खोलीत चाकाच्या खुर्चीवर असते. जिना इतका अरुंद आणि वळणाचा की ती खाली येऊच शकत नाही. खिडकीतलं ऊन हेच तिचं जग. म्हणून हरकत तिच्या नावाने होती आणि बचाव समितीची अध्यक्ष मी.

मी गाडी चालवायला शिकवते. या गावात ज्याला म्हणून गाडी नीट वळवता येते, त्याला ती मी शिकवलेली आहे. लोकांवर ओरडायची मला सवय आहे आणि लोकांना ऐकून घ्यायची. पण त्या दिवशी ऐकून घ्यायची वेळ माझ्यावर आली.

तसं सगळं गाव काही आमच्या बाजूने नव्हतं. दवाखान्यातली एक नर्स उभी राहून म्हणाली होती की ती ज्या खोलीत भाड्याने राहते तिथे भिंतीला ओल आहे, मुलगा सारखा खोकतो, आणि तुमच्या एका खिडकीसाठी आम्ही किती वर्षं थांबायचं. मी तिला चांगलंच सुनावलं होतं. आता ती माझ्याकडे बघून हसत नव्हती, पण तिच्या मागची माणसं हसत होती. बिल्डरचा वकील उठला, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाई, आमचं काम तुमच्याच दिव्याने केलं. आभारी आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कारण आदल्या दिवशी सकाळी ताईच्या खोलीत आम्ही रंगीत तालीम केली होती. तेव्हा हीच सावली खिडकी गिळून कौलांवर गेली होती. समितीतल्या सगळ्यांनी बघितलं होतं. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी हात मारला होता, आणि तो परका नव्हता. मॉडेलजवळ आमच्याखेरीज कुणी फिरकलंच नव्हतं.

साहेब भले होते. म्हणाले, निकाल पुढच्या सुनावणीत देतो, फेरफार झाला असं म्हणणं असेल तर दाखवून द्या. मॉडेल बाजूच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं.

मी तिथेच, सगळ्यांच्या देखत, फोटोवाल्याकडे बोट केलं. दिवा त्याचा, स्टँड त्याचा, आणि गेल्या आठवड्यात त्याला बिल्डरच्या ऑफिसातून बाहेर पडताना मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. हा माझा शाळेपासूनचा मित्र. ताईला इस्पितळातून आणलं तेव्हा दोन हातांवर उचलून ज्याने तिला वर नेलं, तो.

तो चिडेल, भांडेल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "दिवा मी हलवला नाही." बिल्डरकडे का गेला होतास, असं मी विचारलं, तर खाली मान घालून बसून राहिला.

२

दुसऱ्या दिवशी दारात पंचनामे उभे. यांचं खरं आडनाव गावाला आठवत नाही. विमा कंपनीत होते. जळालेली दुकानं आणि बुडालेली गोदामं बघून खरं नुकसान किती आणि बनाव किती हे सांगण्यात यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांच्या घरात काय बिघडलंय हे बघण्याची हौस तशीच राहिलीय. यांचं स्वतःचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे इमारती झाल्या काय, न झाल्या काय, यांना सोयरसुतक नाही.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही आरोपी आधी ठरवलात आणि तपास मागाहून करणार. आमच्या कंपनीत असल्या माणसाला घरी पाठवत."

मी दार लावणारच होते. पण समितीतल्या लोकांनी आपसात ठरवून त्यांनाच गळ घातली होती, मला न विचारता. मग काय, चपला सरकवल्या आणि निघाले.

साहेबांच्या कारकुनाने कुलूप उघडलं. पंचनाम्यांनी आधी मॉडेलला हात लावलाच नाही. सुताराने करून दिलेला लाकडी त्रिकोण मागवला. दिवा किती उंच आणि किती कलता ठेवायचा हे त्या त्रिकोणावरून ठरलं होतं. तो त्यांनी दिव्याच्या दांड्याला लावला. नखाएवढीही फट राहिली नाही.

म्हणजे दिवा जागेवर होता. मी म्हटलं, नंतर परत सरळ केला असेल. ते म्हणाले की सुनावणी संपल्यावर तो खुर्चीवरून उठलाच नाही, तुम्हीच त्याच्यासमोर उभ्या होतात, बोट दाखवत.

मग त्यांनी ठोकळे मोजले. नकाशाबरहुकूम. टेकडीचे थर बघितले. एकही काढलेला नव्हता. काहीच गेलं नव्हतं, काहीच मोडलं नव्हतं. मॉडेलच्या खालच्या भागावर रस्त्याचं आणि अंगणांचं रंगवलेलं कापड होतं, तेही जसंच्या तसं. ताईनेच ते बसवलं होतं. पाय जायच्या आधी अर्ध्या गावाचे कपडे तिच्या हातचे असायचे, आणि खोलीतल्या खोलीत बसून समितीला एवढी तरी मदत करते म्हणून तिने ते काम मागून घेतलं होतं.

पंचनामे खाली वाकून घरांच्या ओळीकडे खूप वेळ बघत राहिले. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठले आणि म्हणाले की नासधूस झाली असती तर काम सोपं होतं. रागाने केलेलं काम लगेच कळतं. हे ज्याने केलंय त्याने फार जपून केलंय, आणि त्याचा या मॉडेलवर मुळीच राग नाही.

मला ते ऐकून मुळीच बरं वाटलं नाही. राग असलेला माणूस परवडला. जपून केसाने गळा कापणाऱ्याशी लढायचं कसं?

३

सुतार आपल्या कारखान्यात रंधा मारत होता. त्याला आत ये म्हणायचीही फुरसत नव्हती. ठोकळे त्याने केले होते, चौकट त्याची. मी सरळ विचारलं की त्या इमारतींच्या दारं-खिडक्यांचं काम तुला मिळणार आहे का. तो म्हणाला, मिळालं तर घेईन, पोट आहे मला. मग रंधा खाली ठेवला आणि म्हणाला की त्यासाठी मी माझ्याच हाताचं काम बिघडवीन असं वाटत असेल तर पुन्हा इकडे येऊ नका.

पंचनाम्यांनी त्याला वेगळंच विचारलं. मॉडेल जिन्यावरून उतरवताना काही लक्षात आलं का? मॉडेल सुनावणीच्या दिवशी सकाळी सुतार आणि फोटोवाला या दोघांनी उतरवलं होतं. सुतार विचार करून म्हणाला, कौलं अंगठ्याला लागत होती. त्याने चौकटीच्या कडा मुद्दाम उंच ठेवल्या होत्या, उचलताना घरांना धक्का लागू नये म्हणून. तरी लागत होती. त्याला वाटलं, आपलाच हात चुकीच्या जागी आहे.

मला यात काही विशेष वाटलं नाही. पंचनाम्यांनी मात्र ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

भूगोलाचे सर घरीच होते. मापं त्यांची, कापडावरचे रंग त्यांचे. त्यांच्या सूनबाईंनी चहा देता देता सांगून टाकलं की आम्हाला त्या इमारतीत घर हवंच आहे, बाबांना काहीही वाटो. सर ओशाळले. मी त्यांना विचारलं, मग तुम्ही समितीत कशाला आहात? ते म्हणाले, तुम्हाला नाही म्हणायला कुणाची छाती आहे?

हे त्यांनी गमतीत म्हटलं असं मी धरून चालले. पण मनात ते राहिलं. सुताराला काम हवं, सरांच्या सुनेला घर हवं. समितीच्या बैठकीला मान डोलावणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात एकेक फ्लॅट दडून बसलेला होता, आणि मी वेड्यासारखी यांच्या जिवावर झेंडा घेऊन निघाले होते.

पंचनाम्यांनी सरांना कापडाबद्दल विचारलं. सर खुलले. म्हणाले, सुनावणीच्या आधी मी मुद्दाम वाकून बघितलं, एवढी हलवाहलव करून आणलं तरी एक सुरकुती नव्हती कापडाला. तुमच्या ताईंच्या हाताला खरंच तोड नाही.

शेवटी फोटोवाल्याकडे गेलो. एरवी त्याच्या दुकानात पासपोर्टचे फोटो काढायला रांग असते. त्या दिवशी पांढऱ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर तो स्वतःच बसला होता. गावाने माझं बोट बघितलं होतं आणि गावाला तेवढं पुरलं होतं. कुणीतरी त्याच्या काचेवर कोळशाने घाण शब्द लिहिला होता आणि त्याने तो पुसलाही नव्हता.

पंचनाम्यांनी विचारलं, बिल्डरकडे कशाला गेला होतात. तो म्हणाला, दुसऱ्याचं काम होतं. कुणाचं? ते मी सांगणार नाही.

माझा तोल गेला. मी म्हटलं, तुझं दुकान बंद पडेल, पुढच्या सुनावणीला लोक तुला उभंही करणार नाहीत, तरी तुला कुणाला पाठीशी घालायचंय? त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आजारी आहे आणि मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

"बेबी," तो म्हणाला, "तू हे इथेच सोड. मला चोर म्हणायचं तर म्हण, पण सोड."

मला बेबी म्हणणारी माणसं जगात दोनच. दुसरी ताई.

४

मॉडेलच्या खोलीत परत येऊन पंचनाम्यांनी कारकुनाला साक्षीला बसवलं आणि ब्लेडने कापडाची कड उसवायला घेतली. म्हणाले की काही गेलेलं नाही म्हटल्यावर काहीतरी आलेलं असणार. सावली दोनच कारणांनी कमी पडते. एक तर वरचा ठोकळा बुटका होतो, नाहीतर खालचं घर उंच होतं. ठोकळे शाबूत आहेत. सुताराचा अंगठा कौलांना लागत होता. तेव्हा घरं वर आली आहेत, आणि जिन्यावरून उतरवण्याच्या आधीच आली आहेत.

मी म्हटलं, आधी म्हणजे कधी, आधी तर मॉडेल माझ्या घरात होतं.

त्यांनी कापड उलटं केलं. घरांच्या ओळीखाली दोन जाड पुठ्ठे होते, एकावर एक. सगळी ओळ त्यांच्यावर बसवून थोडीशी उचललेली. आणि कापड त्या उंचीपुरतं मापाने सैल करून, पुन्हा बारीक टाक्याने शिवलेलं. म्हणून सुरकुती नव्हती. दुसऱ्या कुणी घरं उचलली असती तर कापड ताणलं असतं किंवा फाटलं असतं.

पंचनाम्यांनी वरचा पुठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. घरांच्या ओळीची आकृती त्याच्यावर खडूने काढलेली होती. पण पुठ्ठा खडूच्या रेघेवर कापला नव्हता. रेघेच्या बाहेर, चारी बाजूंनी सारखा, अर्ध्या बोटाइतका जास्त सोडून कापला होता, आणि मग ती जास्तीची कड खाली मुडपून दाबून टाकली होती.

"सुतार रेघेवर कापतो," ते म्हणाले. "फोटोवालाही रेघेवरच, फोटोच्या चौकटी कापून हात बसलेला आहे. सरांची कात्री रेघेच्या आत-बाहेर नाचली असती. पुठ्ठ्याला अशी कड सोडायची काहीच गरज नाही बाई, ती उलट आडच येते. मुडपायला त्रास पडलाय बघा. तरी सोडली आहे. डोकं दुसरीकडे असलं की हात आपल्या सवयीने जातो. असं कोण कापतं?"

मला सांगायची गरज नव्हती. आई गेल्यावर माझे सगळे फ्रॉक ताईनेच शिवले. प्रत्येकाच्या शिवणीत आत असंच अर्धं बोट कापड सोडलेलं असायचं. मी वाढले की ती शिवण उसवायची आणि फ्रॉक सैल करायची. वाढत्या अंगाला कमी पडायला नको म्हणायची. मैत्रिणींचे फ्रॉक दर वर्षी आखूड व्हायचे, माझा कधीच नाही.

"मला काय माहीत," मी म्हटलं.

पंचनाम्यांनी पुठ्ठा परत जागेवर ठेवला आणि कापड हलकेच झाकलं. कारकून बाहेर गेल्यावर म्हणाले की परवा सुनावणी आहे. मला विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. पण तुम्ही आधी बोललात तर मला विचारायची वेळ येणार नाही.

सांगितलं तर फोटोवाला सुटत होता. फेरफार सिद्ध होत होता, खरी सावली पडली असती आणि आम्ही जिंकलो असतो. आणि गावाने ताईच्या नावाने खडे फोडले असते. नाही सांगितलं तर त्या भल्या माणसाचं दुकान माझ्या बोटाने बुडत होतं. मी गाडीत बसले, किल्ली फिरवली, आणि गाडी गिअरमध्येच होती. नवशिक्यासारखा गचका बसला.

५

ताई खिडकीशी होती. मांडीवर काहीतरी शिवण होतं. मी जिना चढून आले ती उभीच राहिले. तिने माझं तोंड बघितलं आणि सुई कापडात टोचून ठेवली.

"कड दिसली ना?" ती म्हणाली. "मला नंतर आठवलं. पण तोवर टाके घालून झाले होते."

मी काय काय बोलले ते सगळं मला आठवत नाही. ओरडले एवढं आठवतं. म्हटलं, तुझ्या उन्हासाठी मी गावाशी वैर घेतलं. शिकवणीच्या मधल्या वेळात रोज धावत येऊन तुला गरम जेवायला वाढते. त्या वकिलाने भर सभेत माझी शोभा केली. आणि पाठीत सुरा कुणी खुपसला तर तू. बिल्डरने खुपसला असता तर मी हसून सहन केला असता.

तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग उशीखालून एक पाकीट काढून माझ्याकडे दिलं. आत फोटो होते. बिल्डरने आपल्या ऑफिसच्या इमारतीत नमुन्यादाखल सजवलेल्या फ्लॅटचे. रुंद दार, लिफ्टचं बटण बसल्या बसल्या हात पोचेल इतकं खाली, आणि इमारतीसमोरचा मोठा रस्ता, दुकानं, माणसं. फोटोवाल्याने काढून आणले होते. तिने सांगितलं म्हणून, आणि मला कळू द्यायचं नाही असं वचन देऊन.

"बिल्डरचा माणूस आला होता, आपल्या घराच्या बदल्यात तिथलं घर देतो म्हणून," ती म्हणाली. "तेव्हा मी म्हटलं होतं, बघून तरी येऊ. तू त्याला जिन्यावरून हाकललंस."

"मग पुन्हा बोलायचं होतंस."

"कधी? तू अध्यक्ष झालीस. रोज माणसं माझ्या खोलीत येऊन माझ्याच उन्हाबद्दल मला सांगायला लागली. किती छान ऊन आहे, किती भाग्य आहे. मी चहाला विचारायची तेवढी. मला ऊन नको होतं गं. मला खाली जायचं होतं."

मी म्हटलं, इथून कशी खाली जाणार होतीस तू? जिना माहीत आहे ना?

"तेच तर," ती म्हणाली.

मी पलंगावर बसले. पाय खरंच दुखत होते. ती म्हणाली की तिला कुणाला हरवायचं नव्हतं. मापं चुकली असतील असं म्हणून सगळे गप्प बसतील, इमारती होतील, मग मीही हळूहळू वळेन, एवढंच तिला वाटलं होतं. तू फोटोवाल्याकडे बोट करशील हे माझ्या मनातही आलं नाही, म्हणाली.

"सगळे मला हसले, ताई."

"सुताराने सांगितलं. त्या हसण्याचं फार वाईट वाटतं मला."

"आणि बाकीच्याचं?"

तिने सुई पुन्हा हातात घेतली. "बाकीच्याचं नाही," ती म्हणाली.

त्यानंतर सुनावणीच्या दिवसापर्यंत आम्ही एकमेकींशी जेवायला चल आणि दार लाव याच्यापलीकडे बोललो नाही. मी तिच्याकडे बघितलं की मला रडू यायचं, आणि ते दिसू नये म्हणून मी भांडी आपटायचे. तिला पाय नव्हते, पण तोंड होतं. फोटोवाल्याला सांगितलं आणि मला नाही, हे काही केल्या गळ्याखाली उतरेना.

६

सुनावणीच्या दिवशी सकाळी माझा एक विद्यार्थी होता. त्याला मी इतक्या शिव्या घातल्या की तो मधेच उतरून पायी गेला. तशीच सभागृहात पोचले. काय बोलायचं ते रात्रभर ठरवत होते आणि ठरलं नव्हतं. फेरफार माझ्या घरात झाला एवढंच सांगावं, नाव घेऊ नये, इथपर्यंत आलं होतं.

आत शिरले आणि जागीच थांबले. पहिल्या रांगेच्या पुढे, मधल्या वाटेत, ताई बसली होती. चाकाच्या खुर्चीवर, केस नीट विंचरून, स्वतः शिवलेलं नवं जाकीट घालून. तिच्या एका बाजूला फोटोवाला आणि दुसऱ्या बाजूला सुतार. मी घरातून निघाल्यावर दोघं आले होते. फोटोवाल्याने तिला उचललं, सुताराने खुर्ची. ज्या जिन्यावरून ती उतरूच शकत नाही असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत होते, तो जिना उतरून ती माझ्या आधी पोचली होती.

तिने सगळं सांगून टाकलं होतं. मी पोचले तेव्हा सभागृहात चिटपाखरूही नसावं तशी शांतता होती. साहेबांनी पंचनाम्यांना विचारलं, हे खरं का? ते म्हणाले, खरं आहे, आणि पुठ्ठे काढून टेबलावर ठेवले. घरांची ओळ मूळच्या जागी बसवली. दिवा लागला. सावली रस्ता ओलांडून आली, आमच्या भिंतीवर चढली, खिडकी झाकून कौलांवर गेली. माझ्या मागे समितीतल्या कुणीतरी सुटकेचा निःश्वास सोडला. वकील हातातली फाईल बंद करायला लागला.

आम्ही जिंकलो होतो. माझं म्हणणं पहिल्यापासून शब्दन् शब्द खरं होतं, आणि आता ते सगळ्यांना दिसत होतं.

साहेबांनी चष्मा काढला. ताईला म्हणाले, "ती खिडकी तुमची. हरकतही तुमच्याच नावाची आहे. ती कायम ठेवून पुढे जाऊ ना?"

ताईने वळून मला शोधलं. मी दाराशी होते. मी मान हलवली. काय सांगण्यासाठी हलवली ते मलाही सांगता येणार नाही.

"सही मी बहिणीला दिली होती," ताई म्हणाली. "तिने मागितली म्हणून. आता ती परत घेते. माझी हरकत नाही."

साहेबांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, आवाज जरा मोठा करून, मागच्यांनाही ऐकू जाईल असा. दुसरी हरकत नव्हतीच. ओळीतल्या बाकी घरांना टेकडीकडे राहती खोली नव्हती. काम तिथेच संपलं.

लोक उठले. सर माझ्याजवळून गेले, काहीतरी पुटपुटले आणि सुनेच्या मागून निघून गेले. समितीतले बाकीचे माझ्याकडे न बघता खुर्च्या ओलांडत होते. ती नर्स ताईसमोर वाकून तिचा हात धरून काहीतरी बोलत होती. मी फोटोवाल्यापाशी गेले आणि म्हटलं, मी तुझ्यावर उगाच आळ घेतला. तो म्हणाला, हो, घेतलास. दुकान उघडायचंय असं म्हणून तो गेला, आणि त्याच्यामागे सुतारही.

सभागृहाबाहेर फुटपाथवर ताई आणि मी उरलो. समोरून बस गेली, सायकली गेल्या, भाजीची हातगाडी गेली. ताई प्रत्येक गोष्टीकडे मान वळवून बघत होती. औषधाच्या दुकानाने पाटी बदलली म्हणाली. हा रस्ता एवढा रुंद कधी केला, विचारत होती. मी उत्तर दिलं नाही.

"रागावली आहेस?" तिने विचारलं.

"हो."

"खूप?"

"खूप."

तिने मान डोलावली. मग म्हणाली की घरी जायची घाई करू नकोस, मला अजून थोडं बसायचंय. तिथे रस्ता उताराचा होता, म्हणून मी मागून तिची खुर्ची धरून उभी राहिले. नाहीतर धरली नसती.